पडद्यांमधलं लाकूड कोरलं तेव्हा

रत्नागिरीपासून वीसेक किलोमीटरवरच्या पावस गावात स्वामी स्वरूपानंदांनी ज्ञानेश्वरीच्या ओव्यांना अभंगाचं रूप दिलं. ‘अभंग ज्ञानेश्वरी’ मोठ्याने वाचू लागलं की एक गंमत जाणवते. अर्थ तोच असतो, पण छंद बदलल्याबरोबर वाचणाऱ्याचा श्वास बदलतो. शब्दांच्या बाबतीत हे साधतं, कारण मराठी शब्द लवचीक आहेत आणि स्वामींसारखा जाणता माणूस त्यांना हळुवार वळवू शकतो. पण वाद्यांचं काय? ज्या वाद्याचे सूर धातूच्या पट्ट्यांनी कायमचे बांधलेले आहेत, त्याला दुसऱ्याच संगीताचा श्वास घ्यायला कसं शिकवायचं?

हा प्रश्न कोकणाच्या ओळखीचा आहे. पावसलाच काय, कुठल्याही गावच्या देवळात भजनाला बसा, बुवांच्या पुढ्यात पेटी असतेच. ती युरोपातून आली, आपण तिला मांडी घालून बसणाऱ्यांच्या उंचीवर आणलं आणि आता ती आपलीच झाली आहे. तरीही बुवा एका सुरावरून दुसऱ्यावर सावकाश घसरत जातात, तेव्हा पेटीवाल्याची बोटं एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर उडी मारतात. मध्ये काहीच नसतं. गिटारची अडचण अगदी हीच. गिटारने मात्र तिच्यातून वाट काढली, आणि ती काढली जॅझच्या मैफलीत. त्या वाटेवर मुंबईकर आणि गोवेकर माणसं भेटतात. ‘कोकण डान्स’ नावाचा एक ॲल्बमसुद्धा भेटतो.

सेकंदाला आठ हेलकावे

आधी अडचण नीट समजून घेऊ. गिटारच्या दांडीवर आडव्या धातूच्या पट्ट्या असतात. गिटारवाले त्यांना फ्रेट म्हणतात, सतारवाले पडदे. तार पडद्यावर दाबली की तिची कंप पावणारी लांबी कमी होते आणि सूर चढतो. पडदे कुठे बसवायचे याचं गणित फार देखणं आहे. खुल्या तारेच्या लांबीला १७.८१७ ने भागायचं; तेवढ्या अंतरावर पहिला पडदा. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागायचं, तिथे दुसरा. असं बारा वेळा केलं की आपण बरोबर तारेच्या मध्यावर, म्हणजे वरच्या षड्जावर पोचतो. सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग!

या समान वाटणीचा फायदा मोठा आहे. कुठल्याही सुराला षड्ज माना, पुढचं सगळं सारखंच वाजतं. जॅझमध्ये दर काही मात्रांनी आधारस्वर बदलतो, त्यामुळे त्या संगीताला ही सोय हवीच.

तोटा ऐकायचा असेल तर शेजारी तानपुरा लावा. समजा षड्ज २०० हर्ट्झचा आहे. त्या तारेतून आपोआप उमटणारा शुद्ध गंधार ५:४ या प्रमाणात येतो, म्हणजे २५०. गिटारचा गंधार मात्र जवळजवळ २५२ वर बसवलेला. फरक फक्त दोनाचा वाटतो. पण प्रत्येक सुरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वरही वाजत असतात. षड्जाचा पाचवा उपस्वर १००० वर असतो आणि गिटारच्या गंधाराचा चौथा १००८ च्या आसपास. दोघे एकमेकांवर आदळतात आणि कानाला सेकंदाला सुमारे आठ हेलकावे जाणवतात. पंचमाची गंमत उलटी. शुद्ध पंचम ३०० चा, गिटारचा २९९.७ चा. म्हणजे गिटारचा पंचम तानपुऱ्याशी गुण्यागोविंदाने नांदतो आणि गंधार भांडत राहतो.

महाराष्ट्रात हे भांडण शंभराहून अधिक वर्षं चालू आहे. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांवर, इंग्रजीत पुस्तक लिहिलं. साताऱ्याकडे न्यायाधीश असलेले अर्नेस्ट क्लेमेंट्स त्यांच्यासोबत श्रुती मोजण्याच्या आणि तशी पेटी घडवण्याच्या खटपटीत होते. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदीच घातली आणि ती तीन दशकं टिकली. अलीकडे ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी तयार केली. या सगळ्यांनी सूर बरोबर जागी आणला. पण दोन सुरांच्या मधला प्रवास, म्हणजे मींड, पेटीला दुरापास्तच राहिली. हवेवर वाजणाऱ्या पातीला मध्येच ताणता येत नाही.

तारेला येतं!

सव्वीस टक्के ताण

तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो: लांबी, जाडी आणि ताण. पडदा लांबी ठरवतो, जाडी तार बनवतानाच ठरलेली असते. उरतो ताण, आणि तो वादकाच्या बोटात आहे. पडद्यावर दाबलेली तार तशीच आडवी ओढली की ताण वाढतो आणि सूर चढू लागतो. किती ओढायची? सूर ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चढतो. त्यामुळे अर्धा स्वर चढवायला ताण सुमारे १२ टक्क्यांनी वाढवावा लागतो आणि पूर्ण स्वर चढवायला सुमारे २६ टक्क्यांनी. हे काम एकट्या बोटाच्या टोकाचं, तेही एका सेकंदाच्या लहानशा भागात, आणि नेमक्या श्रुतीवर थांबून!

यात एक पेच आहे. ओढून सूर फक्त वर जातो. मग उतरती मींड कशी घ्यायची? सतारियांनी यावर फार जुना उपाय शोधून ठेवला आहे. तार आधीच, न वाजवता, ओढून ठेवायची, मग छेडायची आणि हळूहळू सोडायची. ऐकणाऱ्याला वाटतं सूर खाली घरंगळला. वादकाने तो वाजण्याआधीच वर नेऊन ठेवलेला असतो. म्हणजे सूर ऐकू येण्याआधी तो बोटाला ठाऊक असावा लागतो. सतारीचे पडदे उंच आणि कमानदार असतात, तार त्यांच्यावरून लांबवर सरकते, म्हणून एकाच पडद्यावर चार-पाच सुरांपर्यंत मजल मारता येते. गिटारवर मात्र पडदे बुटके, आणि बोट तारेबरोबर खालच्या लाकडालाही घासतं. ते घर्षण मींडेच्या आड येतं.

वीणेकडून घेतलेली युक्ती

१९७० च्या दशकात ही गाठ सोडवणारा माणूस होता जॉन मॅक्लॉफलिन. जन्म १९४२ चा, इंग्लंडमधल्या डॉनकास्टरचा. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिससोबत त्याने १९६९ मध्ये ‘इन अ सायलेंट वे’ वाजवलं आणि १९७१ मध्ये ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ काढला. हा बँड कानठळ्या बसवणारा, सगळा विजेच्या गिटारचा. त्याच काळात तो अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात डॉ. एस. रामनाथन यांच्याकडे वीणा शिकू लागला.

सरस्वती वीणेची रचना पाहण्याजोगी आहे. तिचे पितळी पडदे मेणाच्या दोन उभ्या कडांवर बसवलेले असतात. पडद्याखाली लाकूड लगेच लागत नाही, पोकळी असते. म्हणून वैणिकाचं बोट तारेला बाजूला ओढतंच, शिवाय खाली दाबूनही सूर हलवतं. गमक तिथून येतं. मॅक्लॉफलिनने हीच पोकळी गिटारात आणली. गिब्सन कंपनीत काम करणाऱ्या एब वेक्टर या कारागिराने त्याच्यासाठी जी गिटार घडवली, तिच्यात दोन पडद्यांमधलं लाकूड खोलगट कोरून काढलं होतं. आता बोटाला लाकूड लागेना. बोट आणि तार, मध्ये दुसरं कुणी नाही. वाद्याच्या पोटावरून, छेडायच्या तारांच्या खालून तिरप्या तारांचा आणखी एक संच गेला. सतारीच्या तरफांसारख्या त्या झंकारत आणि गरज पडली तर त्यावरून हात फिरवून षड्ज-पंचमाची साथही मिळे.

तरफ कशी बोलते हेही सांगायला हवं. एरवी तिला कुणी हात लावत नाही. मुख्य तारेतून आलेलं कंपन लाकडातून तिच्यापर्यंत पोचतं आणि तिचा सूर जुळला, तरच ती गुणगुणते. सूर थोडा चुकला की ती गप्प. म्हणजे वादकाच्या सुरेलपणावर वाद्यातच एक परीक्षक बसवलेला असतो. मिरजेच्या सतारमेकरांना, ज्यांच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. गिटार घडवणाऱ्या अमेरिकेतल्या कारखान्याला मात्र ते नवं होतं.

या गिटारसह मॅक्लॉफलिन ‘शक्ती’ या बँडमध्ये बसला, अक्षरशः जमिनीवर. सोबत व्हायोलिनवर एल. शंकर, घटमवर विक्कू विनायकराम आणि तबल्यावर माहीमचे झाकीर हुसेन. १९७५ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर एका महाविद्यालयातली त्यांची मैफल ध्वनिमुद्रित झाली. तिच्यातली ‘जॉय’ ही पहिलीच रचना अठरा मिनिटांची आहे.

बिनविजेचीच का?

विजेच्या गिटारवर तार ओढणं सोपं असतं: तारा बारीक, ताण कमी. मग मॅक्लॉफलिनने अवघड वाट का धरली? कारण शेजारी मातीचा घट होता. घटम आणि तबला यांचा आवाज उमटतो झटकन आणि विरतोही झटकन. बिनविजेच्या गिटारचा सूरही तसाच: छेडला की तीक्ष्ण टोक, मग लगेच उतार. त्यामुळे गिटारची वेगवान तान आणि तबल्याचा कायदा एकमेकांत दातांसारखे अडकतात. विजेच्या गिटारचा लांबलेला सूर या बोलांवर पसरून बसला असता. पण या निवडीची किंमतही आहे. सूर लवकर विरतो, म्हणजे मींड त्याआधी पुरी करायची. ‘शक्ती’त सूर लांबवण्याचं काम बरंचसं व्हायोलिनवर येतं, आणि गिटार लयीच्या बाजूला सरकते.

याहून मोठा पेच कॉर्डचा. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारे तीन-चार सूर. जॅझचं नाट्य कॉर्ड बदलण्यात आहे: गळ्यातला सूर तोच, पण खालची कॉर्ड बदलली की विसाव्याचा सूर अस्वस्थ होतो. रागसंगीतात हे नाट्य षड्जाच्या स्थिरतेतून येतं. षड्ज हलत नाही, म्हणूनच कोमल ऋषभ इतका कासावीस करतो. एकाने जमीन हलवायची आणि दुसऱ्याने ती घट्ट धरायची, असे दोघे एकत्र कसे नाचणार? तोडगा जॅझमध्येच निघाला होता. माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’त कॉर्डची धावपळ थांबली आणि वादक एकाच स्वरसमूहात बराच वेळ रमू लागले. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनने १९६१ मध्ये ‘इंडिया’ नावाची रचना वाजवली आणि पुढे मुलाचं नाव रवी ठेवलं, रविशंकरांवरून. जमीन थोडी स्थिरावली आणि पाहुण्याला पाय ठेवायला जागा झाली.

लंडनमधले मुंबईकर

आता आपल्या माणसांकडे येऊ. ‘शक्ती’च्या दहा वर्षं आधी लंडनमध्ये हा खेळ सुरू झाला होता. कलकत्त्यात जन्मलेले संगीतकार जॉन मेयर आणि जमैकाचा सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी १९६६ मध्ये ‘इंडो-जॅझ सूट’ काढला. त्यात तबल्यावर होते केशव साठे. मुंबईत जन्मलेले साठे १९५० च्या दशकात लंडनला गेले होते. तंबोऱ्यावर होते चंद्रहास पैंगणकर. म्हणजे त्या प्रयोगाचा सूर एका पैंगणकरांनी धरला होता आणि ताल एका साठ्यांनी! १९६७ मध्ये साठे जर्मनीत ‘जॅझ मीट्स इंडिया’ या ॲल्बमसाठी इरेन श्वाइत्सर या पियानोवादक बाईंसोबत बसले. पुढे १९७७ मध्ये जॉन रेनबोर्न या बिनविजेच्या गिटारच्या उस्तादाने ‘अ मेड इन बेडलम’ या ॲल्बममध्ये जुनी इंग्रजी गाणी नव्याने मांडली, तिथेही तबला साठ्यांचाच. जुन्या इंग्रजी चालीवर मुंबईचा ठेका! ऐकताना क्षणभरही खटकत नाही, कारण साठे चालीवर कुरघोडी करत नाहीत. गिटारच्या बोटांमधली जागा शोधून तिथेच बोल ठेवतात.

आणि अमान्सिओ डिसिल्व्हा. गोव्याच्या कुटुंबातला हा गिटारवादक १९३६ मध्ये मुंबईत जन्मला आणि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात लंडनला गेला. त्या काळी मुंबईच्या हॉटेलांतले बँड आणि हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद गोव्याच्या वादकांवर चालत. चर्चमधल्या संगीतशाळांनी त्यांना स्वरलिपी दिली, हॉटेलांनी जॅझ दिला आणि स्टुडिओत शेजारी बसलेल्या सतारियांनी राग कानावर घातले. १९६९ मध्ये अमान्सिओने जो हॅरियटसोबत ‘हम दोनो’ केला. त्यातल्या एका रचनेचं नाव ‘बॅलड फॉर गोवा’. आश्चर्य असं, की या ॲल्बममध्ये तबला नाही, सतार नाही, तंबोरा नाही. सॅक्सोफोन, ट्रम्पेट, बास, ड्रम, एका बाईंचा शब्दांवाचून गाणारा गळा आणि गिटार. तरी तो भारतीय वाटतो. सगळा भार अमान्सिओच्या डाव्या हाताच्या बोटांवर आहे: सुराकडे थेट न जाता कण घेऊन जाणं, एका सुरावर आंदोलन घेत रेंगाळणं. त्याची गिटार ॲम्प्लिफायरला जोडलेली होती, पण विजेचा लांबलेला, भरड आवाज त्याने टाळला. सूर पोकळ लाकडाचाच ठेवला.

‘कोकण डान्स’ त्याचाच. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झाला आणि पडून राहिला. लोकांसमोर आला तो सुमारे तीन दशकांनी. अमान्सिओ १९९६ मध्येच गेला होता.

घासून जाणारी वाट

पडद्यांतून सुटण्याचा दुसरा मार्गही आहे: पडदे विसरून जाणं. गिटार मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवरून गुळगुळीत धातूची कांडी फिरवायची. ही पद्धत हवाई बेटांवरून आली. ब्रिजभूषण काब्रांनी तिला रागसंगीतात आणलं. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या जोडीला त्यांची गिटार आहे, आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. कांडीने मींड हवी तेवढी मिळते. पण सरळ कांडी सगळ्या तारा एकाच रेषेत कापते, त्यामुळे जॅझच्या वाकड्यातिकड्या कॉर्ड हातातून जातात. म्हणून रागाकडे झुकलेल्यांनी कांडी उचलली आणि ज्यांना कॉर्ड सोडवत नव्हत्या त्यांनी तार ओढली.

आज हा प्रवाह अनेक फाट्यांनी वाहतो. कराचीत जन्मलेला आणि अमेरिकेत वाढलेला रेझ अब्बासी बिनविजेच्या गिटारवर नवा जॅझ वाजवतो. रुद्रेश महंथप्पाच्या सॅक्सोफोनसोबत त्याने ‘इंडो-पाक कोएलिशन’मध्ये वाजवलं, तिथे तबला आणि ड्रम दोन्ही डॅन वाइस या अमेरिकन वादकाच्या हातात आहेत. ‘शक्ती’ पुन्हा उभी राहिली. श्रीनिवास खळ्यांकडे शिकलेले, चेंबूरचे शंकर महादेवन तिचा गळा झाले. ‘धिस मोमेंट’ या ॲल्बमला फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्रॅमी मिळालं. त्याच वर्षी १५ डिसेंबरला झाकीर हुसेन गेले.

फ्युजन म्हणून आपल्या कानावर पडतं, त्यातलं पुष्कळसं नुसतं शेजारशेजारी मांडलेलं असतं: इकडे चार कॉर्ड, तिकडे एक आलाप, शेवटी सगळ्यांनी मिळून तिहाई. त्यात कुणाचं काही जात नाही आणि कुणाला काही मिळतही नाही. वर सांगितलेली उदाहरणं टिकली, कारण त्यात प्रत्येकाने काहीतरी सोडलं. मॅक्लॉफलिनने आपल्या गिटारचं लाकूड आणि आपला गडगडाट सोडला, साठ्यांनी सोलोचा मोह सोडला, अमान्सिओने सतारीची कुबडी सोडली.

ऐकायला सुरुवात करायची तर १९८७ चा ‘मेकिंग म्युझिक’ घ्या. झाकीर हुसेन, हरिप्रसाद चौरसिया, यान गार्बारेकचा सॅक्सोफोन आणि मॅक्लॉफलिनची बिनविजेची गिटार, असे चौघेच आहेत. मग ‘हम दोनो’, मग ‘कोकण डान्स’. पहिल्या ऐकण्यात वेगाकडे लक्ष जाईल, ते जाऊ द्या. दुसऱ्यांदा फक्त गिटारच्या गंधारावर कान ठेवा: तो पडद्यावरचा आहे की बोटाने ओढलेला? हा फरक एकदा कानाला कळला, की पुढच्या भजनात पेटीचा गंधारही तुम्हाला वेगळा ऐकू येईल.